माझ्या नावाची खीर

२८ ऑक्टो., मंगळवार
मनगटाला तव्याचा चटका बसून फोड आला तरी मला कळलं नव्हतं. तिथेच एक फिका डाग आहे. आज सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी त्यावर पेनाच्या टोकाने टोचून पाहिलं, मला कळलंच नाही. कुष्ठरोग. पहिल्या गोळ्या नर्ससमोरच गिळल्या. ती म्हणाली, "दवा शुरू हो गई, अब किसी को नहीं लगेगा." मी तीनदा विचारलं.

२९ ऑक्टो.
यांना सांगितलं. यांनी उठून दार लावून घेतलं. मग, "पिंकीचं लग्न जमू दे आधी. तवर कोणाले बोलू नको." हात मात्र हातात घेऊन पाहिला. रडू आलं.

३१ ऑक्टो.
माझा चहाचा कप मीच वेगळा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. पिंकीने उचलून परत सगळ्यांत ठेवला. "मम्मी, ड्रामा मत करो." म्हणजे यांनी तिला सांगितलंय.

२ नोव्हें., रविवार
पौर्णिमेला विहारात खिरीची पाळी माझी. लपवून कशी रांधू? शोभाताईला सांगितलं. इथे बीरगांवात आल्यापासूनची मैत्रीण, वीस वर्षांपासूनची. हातातला चहा तिने खाली ठेवला. मग, "टेन्शन काहून घेऊन राहिली? खीर मी बनवते, तुझ्या नावानं. कोणाले मालूम नाही पडणार."
चहा न पिताच गेली. त्यावर साय धरली.

५ नोव्हें., पौर्णिमा
वंदना झाली. शोभाताईने मला पळीला हात लावू दिला नाही. "तू बस, तुझी तब्येत बरी नाही," सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हाताऱ्या कौशल्याकाकींनी खीर दोनदा घेतली. "सुनीता, तुझ्या हातची चवच अलग." बाकीच्या बायाही हव, हव म्हणाल्या. मीही चमचाभर खाल्ली.
मी वेलची घालते, हिच्यात जायफळ होतं. वीस वर्षं खाऊन एकीलाही कळलं नाही. याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

७ नोव्हें.
शोभाताईला फोन केला. माझी पाळी तू केलीस, डिसेंबरची तुझी मी रांधते. वाढायच्या आधी सगळ्यांना आजाराचं सांगणार.
ती म्हणाली, "मंग खाईल कोण?"
मी फोन ठेवला.
संध्याकाळी दूधवाल्याला पुढच्या पौर्णिमेचं पाच लिटर सांगून टाकलं. "अभी तो महीना है, दीदी." माहीत आहे मला.
यांना अजून सांगितलं नाही.