हरणी आणि फाटकाची कडी

५ जानेवारी, रविवार
कामरगावात पाळीव कुत्र्यांची शर्यत होणार. वेल्डिंगवाल्या इब्राहीमनं तारेचं कंपाउंड असलेलं वावर दिलं. मी स्वतःहून व्हॉलंटियर झालो. एकोणतीस वर्षं पी.टी. शिकवली; माझ्याशिवाय शर्यत होईलच कशी? रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारत नाही, ते वेगळं.
रत्नमाला म्हणाली, "घरातला नळ गळून राह्यला, त्याचे व्हॉलंटियर व्हा." बायकोला समाजकार्य कळत नाही.

११ जानेवारी
मीटिंग. शिट्टी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या साक्षीकडे! मला फाटक. इब्राहीम म्हणाला, "सर, जबाबदारीचं काम हाय. कुत्रं बाहेर गेलं तं थेट रोडवर."
म्हणजे सेफ्टी इनचार्ज. पद वाईट नाही.

१४ जानेवारी
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून वावराची पाहणी.

१५ जानेवारी
थंडी फार. वावर काही पळून जात नाही.

१६ जानेवारी
शेजारच्या अन्वरीबाईची हरणी जिंकणार, असं सगळे म्हणतात. अन्वरीबाई शिवणकाम करते, घरात एकटी. दिवसभर त्या कुत्रीशीच बोलते. नाव द्यायला तयार नव्हती. म्हणे, हरणी आवाजानं बिचकते. मी शब्द दिला : फाटकावर मी आहे. तेव्हा कुठे तयार झाली.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ७
बिल्ला लावला. इस्त्रीचा शर्ट. आज गावाला शिस्त दिसेल.

दुपारी ४
शांतपणे लिहितो. साक्षी शिट्टी चुकीची वाजवत होती. दाखवायला गेलो. दोनच मिनिटं. फाटक लोटलेलं होतं, कडी तेवढी राहिली. मोटरसायकलमागे बांधलेल्या चिंधीवर सात कुत्री सुटली. हरणी सगळ्यांत पुढे. तेवढ्यात कोण्या गाढवानं फटाका लावला. हरणी बिचकून फाटकावर धडकली, फाटक उघडलं, गेली.
बाकी सहा आतच राहिली. म्हणजे एकंदरीत व्यवस्था यशस्वी.

२१ जानेवारी
सायकलनं रोडच्या दोन्ही बाजू पाहिल्या. चौकशी फटाकेवाल्याची व्हावी. कमिटीला लेखी देणार.

२४ जानेवारी
लेखी द्यायचं राहिलं. गुडघा दुखतो. ठिकठिकाणी माझ्या नंबरचे कागद चिकटवले. दोन फोन आले, दोन्ही लोन पाहिजे का विचारायला. अन्वरीबाईची शिलाई मशीन बंद आहे. टकटक ऐकू येत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी धनजहून फोन. तांबूस कुत्री, कान दुमडलेला. हरणीच! गल्लीभर सांगितलं. अन्वरीबाईनं फडक्यात भाकर बांधली, जीपनं गेलो.
कुत्रा होता. नर. दोन्ही कान ताठ. अन्वरीबाईनं भाकर त्यालाच घातली. तो खाऊन होईपर्यंत उभी राहिली.
परतताना जीपमध्ये मी म्हणालो, फाटकावरच्या माणसाला कमिटीनं जाब विचारायला पाहिजे होता.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, फाटकावर तुमीच होते. मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती."
आवाजात राग नव्हता.
कामरगाव आलं. ती उतरून घराकडे गेली. मी स्टँडवरच बसून राहिलो.