सोयाबीनच्या दुधातली पिवळी साडी

५ नोव्हेंबर
ह्यांना जाऊन वर्ष होतंय आणि कपाट नुसतं पांढऱ्या साड्यांनी भरलंय! दुखवट्याला जो आला तो पांढरीच घेऊन आला. दुकानातले बाकीचे रंग संपले होते काय? पुढच्या महिन्यात आदिनाथचं लग्न. नेसेन तर रंगीतच.

६ नोव्हेंबर
सुनेला, पंकजाला, हाताशी धरून एक साडी झेंडूत उकळली. पिवळीधमक! एका धुण्यात पुन्हा पांढरी. नेमक्या तेव्हाच थोरल्या जाऊबाई उगवल्या — आक्काबाई, आदिनाथची आजी. नवरा गेल्यापासून वीस वर्षं पांढऱ्यात. "बग पुष्पे, देवालाबी न्हाई पटलं!"
देवाला माझी वाळत घालायची दोरी बघण्याशिवाय कामच नाही ना!

८ नोव्हेंबर
पंकजानं मोबाईलवर शोधलं. सुती कापड रंग धरत नाही, त्याला आधी सोयाबीनचं दूध पाजायचं. तिनं भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून ठेवलं. आणि मी? पातेल्यात दूध दिसलं की हात गॅसकडे! तापवलं. वर साय. साडीवर सगळ्या गुठळ्या. "आत्या, चहा करायचा हाय का ह्याचा?" सून हसून हसून खाली बसली. धन्य माझी!

११ नोव्हेंबर
आता कच्चंच दूध. बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. घरभर वास.
आक्काबाई नाकाला पदर लावून — "पांढऱ्या कपाळानं नटायचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील."
घालू देत. साड्या त्याच लोकांनी आणल्यात. आणि ह्या बाई सख्ख्या नातवाच्या हळदीला मागच्या खोलीत बसणार, वर मला अक्कल शिकवणार! फार चीड आली. जेवले नाही.

१२ नोव्हेंबर
वास तसाच.

२० नोव्हेंबर
आठवडाभर साडी मुरू दिली. आज तुरटी आणि झेंडू. दोनदा धुतली — रंग हलला नाही! मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घातली. सगळ्या देवळालीनं बघावी. आक्काबाईंनी तर दोनदा बघावी.

२१ नोव्हेंबर
आक्काबाई पहाटेच मागच्या दारानं आल्या. मी टोमणा तयारच ठेवला होता. त्यांनी आतून कडी लावली, पिशवीतून स्वतःचं पांढरं लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं.
"अजून येळ हाय ना गं? फिकट नको करू. मांडवाच्या टोकावरनं दिसंल, असं कर."