अकरा घरी झोपलेला दरवेश

१२ एप्रिल
ताश्कंदहून इंजिनियर तोलिब आलाय. जुन्या मोहल्ल्यातली कोणती घरं जपायची, कोणती पाडायची, याची यादी करायची. सोबत मी. म्युझियमवाली बाई, हिला सगळं माहीत म्हणून. डोंबल माहीत!

१३ एप्रिल
पाडणार म्हटल्यावर प्रत्येकाला इतिहास आठवतोय. हमरोकुल-अकांच्या घरी म्हणे तीनशे वर्षांपूर्वी एक दरवेश, कुणी सुफी फकीर, झोपला होता. शेजारीही तोच. संध्याकाळपर्यंत अकरा घरी झोपून झाला. भलताच झोपाळू! आम्हाला मात्र घरोघरी चहा, नान, जर्दाळू. पोटाला तडस लागली.
तरी चार-पाच घरांचे कोरीव खांब खरंच जुने. बघत उभं राहावं असे.

१४ एप्रिल
रिसोलत-आपा. पंचाहत्तरीच्या, एकट्या, गुडघे गेलेले. तोलिबने विचारलं, तर म्हणाल्या, "इथे माझ्या नवऱ्याशिवाय कोणी झोपलं नाही. त्यानंच बांधलं, पंचाहत्तर साली."
अख्ख्या मोहल्ल्यात खरं बोलणारी एकटी, आणि घर पाडायचं तिचंच? तोलिब फोनवर होता. मी लिहून टाकलं— अठरावं शतक.

२ मे
यादी मंजूर. आमची चाळीस घरं वाचली. दिवसभर उगाच ऐटीत फिरले.

३ मे
रिसोलत-आपा काठी टेकत म्युझियममध्ये आल्या. घर पाडलं असतं तर त्यांना नव्या वसाहतीत फ्लॅट मिळणार होता. लिफ्ट, गरम पाणी, घरातच संडास. हिवाळ्यात अंगणापलीकडे जाताना त्या दोनदा पडल्यात. मला काय माहीत? विचारलंच नव्हतं ना मी.
"पोरी, मी तुझं काय वाईट केलं होतं?" एवढंच म्हणाल्या.

४ मे
तोलिबला फोन करून कबूल केलं. त्याला आधीच कळलं होतं— विटांवर कारखान्याचा शिक्का आहे! आता एक नाव खोडायचं तर अख्खी यादी नव्याने तपासतील, म्हणाला. म्हणजे दरवेशही उठणार आणि बाकीची घरंही जाणार. "सांग, खोडू?"
नको म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

९ मे
रिसोलत-आपांना घरी घेऊन आले. कायमच्या. माझं घर तळमजल्यावर, तरी लिफ्ट नाही म्हणून कुरकुरल्या. मग तासभर गरम पाण्याने न्हाल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "चहा टाक."