पांढऱ्याच्या अकरा छटा

प्रिय चिंगे,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणत तू आधी शेवट वाचायला जाशील. जाऊ नकोस. नव्या नोकरीचं हो की नाही ते तुला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. गावोगाव गाडी हाकत गुरं तपासायला जाणं आपल्याला जमायचं नाही म्हणून तू नकार कळवणार आहेस, हे तुझ्या बाबांनी मला सांगितलंय. त्याविषयी बोलायचंच आहे, पण आधी माझी फजिती ऐक.

दवाखाना बंद करून दोन महिने झाले. पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलेल्या बाईला नुसतं बसवत नाही. बाबांचे दात दोनदा तपासून झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड उघडायला साफ नकार दिला, तेव्हा मी मोर्चा गाडीकडे वळवला. बॉनेटवर खडे उडून पडलेले सात टवके होते आणि मागच्या डाव्या दारावर तो लांबलचक ओरखडा. तोच, तुझा.

रंगाच्या दुकानदाराने गाडीच्या रंगाचा कोड विचारला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर लिहिलेला असतो म्हणे. मी म्हटलं, कोड कशाला, साधा पांढरा द्या. त्याने शांतपणे माझ्यासमोर पांढऱ्याच्या अकरा बाटल्या मांडल्या. आता तूच सांग, जिने जन्मभर दाताला दात जुळवला तिला पांढरा कळणार नाही? मी ऐटीत चौथी बाटली उचलली. नेलपॉलिशएवढी इवलीशी, झाकणालाच ब्रश. घरी येऊन एका दमात सातही टवके जाड थराने भरून टाकले. वाळल्यावर बॉनेट असं दिसायला लागलं, जणू एखाद्या आजोबांच्या तोंडात सात कोरे करकरीत दात बसवलेत. बाबा हसून हसून पायरीवरच बसले. शेजारच्या काकू तर ओलं फडकं घेऊन आल्या, हल्ली कबुतरं फार झाली म्हणाल्या.

सगळं थिनरने पुसून काढलं, कोड कागदावर लिहून घेतला आणि निमूट पुन्हा दुकानात गेले. दुकानदार मिशीतल्या मिशीत हसला. मग त्याने मला शिकवलं. जुन्या गाडीचा रंग उन्हाने बदलतो, म्हणून कोडाचा रंगसुद्धा आधी पुठ्ठ्यावर ठिपका देऊन, वाळवून, उजेडात गाडीला लावून पाहायचा. जागा स्वच्छ पुसायची, बारीक पॉलिशपेपर ओला करून हलक्या हाताने घासायचा, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा, आणि शेवटी पारदर्शक लॅकर. म्हणजे मी रोग्यांना सांगायचे तेच, घाई करू नका. या वेळी मी त्याने सांगितलं तसंच केलं. बॉनेटवरचे टवके आता बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. मी ते सगळ्यांना बोट ठेवून दाखवते, ती गोष्ट वेगळी.

मग ओरखड्याकडे वळले. आठ वर्षं मी तो मुद्दाम तसाच ठेवला होता, हे तुला माहीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे मी, आमच्या कन्येचं ड्रायव्हिंग म्हणून. तू गाडी शिकून जेमतेम महिना झाला होता. तू फेरी मारून आलीस, मला ओरखडा दिसला, आणि फाटकाला घासलीस असं मी ठणकावून सांगितलं. तू नाही म्हणालीस, रडकुंडीला आलीस. मी म्हटलं, माझी नजर चुकत नाही. तू किल्ली खुंटीला अडकवलीस ती कायमचीच.

दवाखान्यातला भिंगाचा चष्मा चढवून, दात टोकरायच्या सळईने मी ओरखड्यातली घाण काढत होते. आत रंगाचे कण निघाले. निळे. चिंगे, आपलं फाटक हिरवं आहे, पहिल्यापासून हिरवं. निळे आहेत ते माझ्या दवाखान्याखालच्या पार्किंगचे खांब, आणि तिथे तू गाडी कधी नेलीच नव्हतीस. मोजपट्टी घेऊन तडक तिकडे गेले. माझ्या जागेशेजारच्या खांबावर पांढरी रेघ आहे, जमिनीपासून अगदी दारावरच्या ओरखड्याइतक्याच उंचीवर. वर्षानुवर्षं मी रोज तिच्या शेजारी गाडी लावली आणि मला ती दिसली नाही. तिथेच फरशीवर बसून मी हसत सुटले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. चुकले गं मी. तू खरं बोलत होतीस आणि तुला गाडी तेव्हाही नीट चालवता येत होती. जमत नाही हे तुझ्या डोक्यात मी भरलं.

म्हणून हे पत्र. पाकिटात जड लागलं ती गाडीची किल्ली आहे, आता ती तुझी. शुक्रवारी होकार कळव आणि शनिवारी घरी ये. ओरखडा मी अजून भरलेला नाही, थोडे निळे कण तुझ्यासाठी राखून ठेवलेत. ते तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग रंग आपण दोघी मिळून लावू. पण त्याआधी एक फेरी मारायची आहे. तू चालवायचंस, मी शेजारी तोंड मिटून बसेन, आणि बाबा साक्षीदार म्हणून मागे. थेट त्या निळ्या खांबापाशी जाऊ. तिथे गाडी तू लाव, मला काही ते जमत नाही.

तुझीच,
नजर चुकलेली आई