जमुना टोपली न घेता आली होती

डहाणू रोड,
ता. ४ फेब्रुवारी १९६१

ती. शांतारामदादास,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. ह्यांची बदली टळली, तेव्हा तुला आमचं सामान बांधायला यावं लागणार नाही.

दादा, एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबरात एसटी बिघडली म्हणून तू मला तलासरीहून गवताच्या ट्रकात बसवून दिलंस. तुमच्या बाजारात सुकी मासळी विकून परतणारी वरोरची जमुना माझ्या शेजारी होती. वासामुळे मी पदर नाकाला लावून बसले होते. चारोटीच्या अलीकडे ट्रक बंद पडला आणि सबंध दुपार आम्ही चिंचेखाली काढली. जमुना गाऊ लागली. दर्यावर गेलेल्या माणसांची गाणी, एक संपलं की दुसरं. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी बुडाला. माझी एवढीशी मालू जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि मला एकदाही रडू आलं नव्हतं. तिथे आलं. तिने गाणं थांबवलं नाही, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे ट्रकात मीही तिच्या मागून म्हणू लागले. ड्रायव्हर म्हणाला, इतकी रडकी गाडी मी जन्मात हाकली नाही. त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

उतरताना मीच तिला म्हटलं, दोन फेब्रुवारीला मालूचा वाढदिवस, तो दिवस एकटीने निघायचा नाही, तू ये.

ती आली. वरोरहून चालत, नवं लुगडं नेसून. नेमक्या तेव्हा ह्यांच्या साहेबांच्या पत्नी ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ही कोण? मी जमुनाकडे बघून म्हटलं, आज मासळी नको.

तिच्याजवळ टोपलीच नव्हती, दादा. ती बरं बाय म्हणाली आणि वळली.

तुला ती बाजारात भेटेल. माझ्या वतीने तिची क्षमा माग. वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुनंदा


तलासरी,
ता. १३ फेब्रुवारी १९६१

चि. सौ. सुनंदास,
शांतारामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाजारात जमुनाला गाठलं. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, मास्तर, बहिणीला सांगा, त्या दिवशी मला यायला नाय जमलं, तिने वाट बघितली असेल.

तू मला काही कळवलं नसशील अशा समजुतीने तिने तुझी बाजू सावरली. तुझा निरोप मी तसाच ठेवला. माफी पोस्टाने पाठवायची नसते, सुनंदा. तुझं तू जा. तुला शहाणपण शिकवतोय खरा, पण तीन वर्षं ती आमच्या शाळेसमोर बसते आणि मी तिचं नाव पहिल्यांदा तुझ्या पत्रात वाचलं.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो असू दे.

तुझा,
दादा


डहाणू रोड,
ता. २ मार्च १९६१

ती. दादास,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांना सगळं सांगितलं. आधी साहेबांच्या घरी काय म्हणतील याची काळजी केली, मग स्वतःच टांगा ठरवून आणला.

वरोरला जमुना चार-पाच बायकांबरोबर बोंबील वाळत घालत होती. मला पाहून ती थांबली नाही. एका म्हातारीने तिला विचारलं, ही कोण गं? जमुना म्हणाली, तिलाच विचारा.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मी हिची मैत्रीण. माझ्या मेलेल्या मुलीच्या वाढदिवसाला मी हिला बोलावलं आणि लोकांच्या लाजेने दारातून परत पाठवलं. दादासमोर तिने माझं झाकलं, तेही मी सांगितलं. जमुनाने हातातला बोंबील दोरीवर टाकला आणि म्हणाली, परत येताना मी रस्ताभर सवताला शिव्या दिल्या, टोपली घेऊन गेले असते तर तुला खोटं तरी बोलायला लागलं नसतं.

मला वाटलं होतं ती रागावेल. त्याची तयारी करून गेले होते. ह्याची नव्हती.

ऊन चढलं होतं. मी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, मग आतून तांब्या आणला. मी तिथेच वाळूत बसून प्यायले. ती शेजारी बसली, जरा अंतर ठेवून.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
सुनंदा