खोडात अडकलेली भिंगरी

९ मार्च

त्या दिवशी सकाळी मी ओटा धुतला. पाहुणे आदल्या दिवशी गेले होते, म्हणून आम्ही राखतो त्या बंगल्यातल्या चादरी भिजवल्या. कोंबड्या सोडल्या. तुळशीला पाणी घातलं. चहा ठेवला आणि ह्यांना हाक मारायला मागच्या दारात आले, तर बारकू माळी तलावाकडून पळत येत होता. पायात चप्पल नव्हती. पुढचं मला नीट आठवत नाही. चहा उतू गेला असणार. नंतर कुणीतरी शेगडी पुसून ठेवली होती.

ऑक्टोबरातली ही गोष्ट, हे गेले त्या दिवसाची. आज पुन्हा वर आली, कारण उमेश येऊन गेला. कंपनीतून थेट आला, अंगावर तोच निळा शर्ट. म्हणाला, "आई, आता आमच्याकडे वराळ्याला चल. पावसाच्या आत ही खोली खाली करू, मी टेम्पो आणतो. सुषमाने तुझ्यासाठी खिडकीजवळची कॉट मोकळी केलीय." सून चांगली आहे. तिथं त्रास नाही काही.

मग त्याला भिंतीवरचा ह्यांचा मासे धरायचा रॉड दिसला. "अजून ठेवलंयस हे? ह्या गळानंच खाल्लं बाबांना! पाण्यातल्या खोडात अडकलं होतं ना? सोडून द्यायचं. ओढत बसले. डॉक्टर म्हणाले होते, हृदय नाजूक आहे, जोर करू नका..."

  बारकूनेच सगळ्यांना सांगितलं होतं — तंगूस खोडात गुंतलं होतं, म्हणून त्याने विळ्याने कापलं. तंगूस म्हणजे त्या गळाचा नायलॉनचा दोरा. तो अजून पाण्यात आहे. टोकाची भिंगरीही, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष.

११ मार्च

उमेश रॉड विकायचा म्हणतो. कंपनीत कुणी घेणारा आहे. ह्यांचा भिंगऱ्यांचा डबाही देऊन टाकू म्हणतो.

द्यायच्या आधी डबा उघडून तरी बघते.

१२ मार्च

उघडला. आत कप्पे, कप्प्याकप्प्यात भिंगऱ्या. हे त्यांना भिंगरीच म्हणायचे. बंगल्यावर मासे धरायला येणारे गोगटेसाहेब जाताना एखादी ठेवून जात, तशा साठल्या. पाकिटावरचं इंग्रजी मी जोडून जोडून वाचलं. मराठी मी वाण्याच्या पुड्यांवर शिकले आणि इंग्रजी उमेशच्या शाळेच्या पुस्तकांवर, त्यामुळे वेळ लागतो. स्पिनरबेट. खाली बास नावाच्या माशाचं चित्र. तो आपल्या तलावात नाही. आपल्याकडे मरळ.

वस्तू मोठी गमतीची आहे. एक तार मधेच वाकवून दोन पाय फाकवलेली, केसांतल्या आकड्यासारखी. वरच्या पायाला पत्र्याचं पान, ते पाण्यात गरगर फिरतं. खालच्या पायाला शिशाचं डोकं, त्याला रबरी धाग्यांची झालर, आणि झालरीत लपलेला गळ. पानं दोन जातीची. काही गोल, काही आंब्याच्या पानासारखी निमुळती.

सगळी काळी पडलेली! मला बघवेना. चिंच आणि राख घेतली आणि बंगल्यातली समई घासते तशी एकेक घासून काढली. आता उजेडात धरली की डोळे दिपतात.

१५ मार्च

तलावावर गेले. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. रॉड आणि डबा घेऊन गेले, का ते विचारू नये. मलाही सांगता येणार नाही.

ह्यांना फेकताना इतकी वर्षं पाहिलं, वाटलं हात आपोआप जाईल. पहिली भिंगरी मागे करंजावर गेली. दुसऱ्या वेळी तंगूसाचा असा गुंता झाला की सोडवायला खाली बसले. बारकू बांधावरून बघत होता. खाली आला, डबा पाहिला आणि हसायलाच लागला.

"मावशी, ही काय देवाची भांडी हाईत व्हय? भाऊंनी मुद्दाम काळी ठिवल्याली! आता पानी नितळ हाय. लय चमाकलं की मरळ बुजतीया."

घरी येईपर्यंत रडले नाही. ह्यांच्या हातांनी आलेला काळेपणा मी घासून टाकला.

१६ मार्च

बंबाच्या धुरावर पानं धरली. काळी झाली. पण हा काळा निराळा.

एक गोल पान तसंच चकचकीत राहू दिलं. माझी चूक म्हणून.

२४ मार्च

रोज पहाटे पाणी भरून झालं की जाते. आता भिंगरी पाण्यात पडते तरी.

पडली की लगेच रीळ फिरवायचं. जरा थांबलं की ती बुडते आणि पान मरतं. फार जोरात ओढलं तर वर येऊन आडवी होते. मधला वेग सापडला की रॉडच्या मुठीत बारीक थरथर येते, झोपलेलं मांजर हातात धरल्यासारखी. गोल पानाची थरथर जाड, लांबट पानाची बारीक. गोल पान सावकाश ओढलं तरी फिरत राहतं. हे पाकिटावर लिहिलेलं नाही, मुठीला कळतं. मुठीवर ह्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे. माझा अंगठा तिथे पुरत नाही.

शेजारची चिमाबाई धुणं घेऊन आली होती. "आत्ता गं बया! नवरा गेल्याव बाया जपाची माळ वढत्यात, ही गळ वढतीया!" मग जवळ येऊन हळूच, "लागलं का कायी?"

"करंज लागला. दोनदा."

"मग त्याचीच आमटी कर की आज!" आणि खोखो हसली. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

९ एप्रिल

आज एक नवल झालं. नीट लिहून ठेवते.

फेकलेली भिंगरी वाऱ्याने भरकटली आणि पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या काट्याकुट्यांत पडली. म्हटलं, गेली! ओढली, तर टकटक करत एकेका फांदीवरून चढत उतरत सरळ बाहेर आली. पुन्हा मुद्दाम तिथेच फेकली. पुन्हा आली! उकिडवी बसून पाहत राहिले, कशी येते ते. पुढची तार आधी लाकडाला लागते, भिंगरी कलते, आणि गळ तारेच्या आडोशाला राहतो. लाकडात फेकण्यासाठीच केलेली वस्तू आहे ही.

मग ह्यांची कशी अडकली?

मला चार आठवडे झाले नाहीत, माझी निघते. आणि ह्यांची अडकली?

१० एप्रिल

बारकूला विचारलं. तो वैतागला. "खोडातच गुतलंतं मावशी, म्या सवता बगितलं. ते जांभळाचं बुडल्यालं खोड न्हाई का, तिकडं तंगूस ताठ गेल्यालं."

"ताठ? मग ओढत कोण होतं? ह्यांच्या हातात तर जोर उरला नव्हता."

"त्ये मला काय ठावं? म्या भाऊंकडं बगू का तंगूसाकडं!"

खरं आहे त्याचं. त्याला का छळावं.

२० एप्रिल

उमेशचा फोन. टेम्पो ठरवलाय, महिनाअखेरीला. मे महिन्याच्या. मी म्हटलं, तलावाचं पाणी खाली जाऊ दे, जांभळाचं खोड उघडं पडू दे, मग.

तो म्हणाला, "आई, तिथं काय मिळणार आहे तुला? एक तार मिळेल."

तार तर तार. खरंच लाकडात रुतून बसलेली असेल, तर उमेशचं बरोबर. हे हट्टाने निर्जीव खोड ओढत बसले आणि त्यातच गेले, असं धरेन. रॉड विकू देईन आणि निमूट टेम्पोत बसेन. तशी नसेल, तर इथेच राहीन. मनाशी तसं ठरवून टाकलं. आता बरं वाटतंय, म्हणजे स्वस्थ वाटतंय.

५ मे

खोडाचं बेचकं दिसायला लागलं. त्यावर एक खंड्या बसतो.

१४ मे

काल वळीव झाला. आज तलाव चहासारखा. नितळ पाण्याचे नियम आज चालणार नव्हते. गढूळ पाण्यात माशाला दिसतं कमी, त्याला थरथर लागते. म्हणून गोल पान. आणि चमकही हवी. ते माझ्या चुकीचं चकचकीत पान लावलं! सावकाश ओढत आणलं, अगदी कंटाळा येईल इतकं सावकाश.

ओढता ओढता थरथर थांबली. एवढंच. मग हिसका असा बसला की मी गुडघ्यावर आले!

मरळ. लागल्या लागल्या सरळ खोडाकडे धावली. घराकडे धावावं तशी. रॉड आडवा धरून मी तिला कशीबशी वळवली. जरा ढिली सोडली असती, तर खोडाच्या पलीकडे गेलीच होती. काठावर आणली तेव्हा तोंडाने मी काहीतरी बोलत होते. ह्यांच्याशीच बोलत असणार.

कालवण केलं. अर्धं चिमाबाईला दिलं. "आता न्हाई मी तुला हसायची," म्हणाली. हसलीच.

रात्री उशाला हात घेतला तर त्याला अजून माशाचा वास होता. धुतला नाही.

२२ मे

सामान बांधायला घेतलं. उमेशला शब्द दिलाय. खोडाच्या बुंध्याशी अजून पाणी आहे.

३० मे

गेले. पदर खोचला, चप्पल काठावर काढली आणि चिखलातून गेले. बारकू हाका मारत होता, "मावशी, पाय रुतंल! मी येतो, मी बगतो!" त्याला येऊ दिलं नाही.

काठाकडच्या बाजूला काही नव्हतं. नुसतं शेवाळ. हात लावून पाहिलं, कुठे गळ रुतल्याची खूण नाही. मग तंगूस दिसलं. हिरवं झालेलं. धरून चालू लागले, तर ते मला खोडाच्या मागे घेऊन गेलं. तिथून पुढे पुन्हा समोर. पुन्हा मागे. खोडाभोवती फेरे घेतलेले, वडाला दोरा गुंडाळतात तसे.

काठावर बसलेल्या माणसाला तंगूस खोडाभोवती फिरवता येत नाही. कितीही ओढो. ते फिरवायला पाण्यात कुणीतरी जिवंत लागतं.

शेवटाला भिंगरी लोंबत होती. लाकडाला टेकलेलीसुद्धा नव्हती. झालर कुजलेली, पान काळं, तार वाकडी. आणि तो जाड गळ — सरळ झालेला! दाभणासारखा. मरळ सुटून गेली.

लागली होती ह्यांना. जोर केलाच असणार, नाही कसा? पण खोडाशी नाही. मला कळतंय त्या वेळी मुठीत काय असतं. दोन आठवड्यांपूर्वी मला काय झालं होतं ते कळतंय.

सगळं तिथेच तसंच ठेवून आले.

३१ मे

टेम्पो आला. उमेशला सामानाला हात लावू दिला नाही, आधी चिखलातून खोडापाशी नेलं.  तो तंगूस सोडवायला लागला. ते हाताने उलगडेना, म्हणून त्यालाच खोडाभोवती उलटं फिरावं लागलं, पुन्हा पुन्हा. शेवटी भिंगरी हातात आली. सरळ झालेल्या गळावरून त्याने बोट फिरवलं.

म्हणाला, "केवढी असेल गं, आई?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. मग वर येऊन टेम्पोवाल्याला चहा दिला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला.