आठवी ब, नंबर तेवीस: हजेरीपटातली दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, मुलींच्या कॅथलिक हायस्कुलातली निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा दाखला माझ्या डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे. त्या माझ्याच विद्यार्थिनी, त्यामुळे मला "जीभ दाखवा" म्हणतानाही अजून चाचरतात. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायची हिंमत एकट्या भाच्यात आहे, आणि त्याला आज मुद्दाम बोलावलेले नाही.

याआधी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही फाडून टाकली आहेत, कारण दोन्हीत मी मुख्य गोष्ट लिहायचे टाळले होते.

१. माझ्या भाच्यास भिंतीवरचे घड्याळ द्यावे. मला भेटायला आला की तो माझ्यापेक्षा त्या घड्याळाकडेच जास्त बघतो. घराची आशा त्याने सोडावी. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, अंथरुणाला खिळली होती तेव्हा चार महिने उशाशी मी होते, आणि त्याला रजा मिळत नव्हती. राग आता उरलेला नाही, पण विसर पडला आहे असेही नाही.

२. माझ्यासाठी शाळेच्या चॅपेलमध्ये साधी प्रार्थना व्हावी. भाषणे नकोत. 'आदर्श शिक्षिका' हे शब्द तर कुणी तोंडातूनही काढू नयेत. त्याचे कारण कलम पाचमध्ये आहे.

३. शाळेच्या शंभर वर्षांचा इतिहास मी लिहिला. त्याच्या उरलेल्या प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. पहिली साठ पाने खरी आहेत, त्याबद्दल मला अभिमान आहे. कापडाच्या गोदामावरच्या दोन खोल्या, तीन सिस्टर, अकरा मुली आणि एकच बाक, अशी शाळा सुरू झाली. बाकावर बसायची पाळी आठवड्यातून दोनदा यायची, असे माझी आई सांगे. पुढे दगडी इमारत झाली, लाकडी जिना आला, घंटा आली. मी सहाव्या वर्षी त्या जिन्याने वर गेले आणि एकविसाव्या वर्षी हातात खडू घेऊन पुन्हा तोच जिना चढले. मुलींनी माझे नाव 'फूटपट्टी' ठेवले होते. मला ते ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, आवडतही होते.

शाळेने हजारो मुलींना ताठ मानेने उभे राहायला शिकवले. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही, हेही तिनेच शिकवले. हा दुसरा धडा किती महागात पडला ते पुस्तकात नाही. एकसष्टाव्या पानावर मी असे छापले आहे: "आगीच्या प्रसंगी शाळेचे सुतार एका बेशिस्त विद्यार्थिनीला शोधताना मृत्यू पावले." हे वाक्य खोटे आहे. प्रत्येक प्रतीतून ते पान काढून त्या जागी कलम पाचची नक्कल चिकटवावी.

४. सुतारमामांचा रंधा, दोन पटाश्या आणि लाकडी हातोडी माझ्या कपाटात आहेत. शाळेचा एकूण एक बाक त्यांच्या हातचा. मुली बाकांवर कर्कटकाने नावे कोरायच्या आणि मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत रंधा मारत बसायचे. मी एकदा म्हटले, "मामा, वैताग नाही येत?" तर म्हणाले, "बाई, पोरींनी कोरलं नाही तर मला काम कोण देणार?" त्यांच्या पत्नीने ही हत्यारे मला दिली, कारण मी मामांना रोज मधल्या सुट्टीत चहा पाठवत असे. ती घेताना माझा हात पुढे झालाच कसा, देव जाणे. ती शाळेला परत द्यावीत आणि काचेच्या कपाटात न ठेवता वापरावीत.

५. आता मुख्य गोष्ट.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी आठवी ब ची वर्गशिक्षिका होते. नियमाप्रमाणे एकेक नंबर पुकारून, मुलीकडे बघून हजेरी मांडायची. मी तशी मांडत नव्हते. शिक्षकांच्या खोलीत बसल्या बसल्या आदल्या दिवसावरून 'ह' लिहीत जायचे आणि वर्गात गेल्यावर कुणी नसेल तर खोडून 'गै' करायचे. तेवीस नंबर तर तीन वर्षांत एकदाही गैरहजर नव्हती. तिच्या 'ह'कडे मी वळूनसुद्धा बघत नसे.

त्या सकाळी वर्गात पाऊल टाकते तोच जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून धूर आला. सगळ्या मुली पटांगणात उतरल्या. मुख्याध्यापिका मदर प्रत्येक वर्गाचा हजेरीपट हातात घेऊन डोकी मोजत होत्या. आठवी ब: पटावर हजर एक्केचाळीस, पटांगणात चाळीस. मी नंबर पुकारले. तेविसाला उत्तर आले नाही.

मदरनी विचारले, "सकाळी होती ना ती?"

मला तिचा चेहरा आठवत नव्हता. पट मात्र समोर होता. मी म्हटले, "होती."

सुतारमामा पोते भिजवत होते. तेवढ्यात तेविसाच्या शेजारी बसणारी, बावीस नंबर, माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, ती आज आलीच नाहीये." मदर माझ्याकडे बघत होत्या. मी त्या पोरीला म्हटले, "गप्प बस."

हे दोन शब्द मी बोलले. मामा पोते डोक्यावर घेऊन आत गेले. "ए पोरी, कुठंयस गं?" अशी त्यांची हाक दोनदा ऐकू आली. मग जिना खाली आला.

तेवीस नंबर तापाने फणफणून घरी पडली होती. आई पहाटेच कामाला जाई, त्यामुळे ती घरीच होती हे सांगणारे कुणी नव्हते. पटावर 'ह' होता. हजेरी लावून ती पळाली, असे ठरले. ती रडून रडून सांगत होती, "मी आलेच नव्हते हो." मदर म्हणाल्या, "मग काय, हजेरीपट खोटं बोलतो?" मी शेजारीच उभी होते. वर्गात पहिली येणारी ती मुलगी, तिच्या हातात दाखला ठेवला गेला. त्यावर शेरा होता, 'वर्तणूक असमाधानकारक'. तो माझ्या अक्षरात आहे. बावीस नंबरनेही मग कधी तो विषय काढला नाही. गप्प बसायला मीच शिकवले होते.

दुसऱ्या कुठल्याही शाळेने तिला घेतले नाही. ती गणवेशाच्या दुकानात लागली आणि आजही तिथेच आहे. आपल्याच शाळेच्या गणवेशांना काजे-बटणे करते. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेले होते, सांगायचेच असे ठरवून. तिने ओळखले, खुर्ची दिली, आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला तरी खरं वाटलं होतं का माझं?" मी म्हटले, "जाऊ दे, जुनं कशाला उकरायचं?" पहिल्या खेपेला भीती होती असे म्हणता येईल. या खेपेला काय म्हणू?

तो हजेरीपट माझ्या ट्रंकेत आहे. जुनी इमारत पाडताना तो रद्दीत निघाला होता, मी उचलून आणला. चोरी म्हणायची तर म्हणा.

६. माझे राहते घर, आतल्या सगळ्या सामानासह, घड्याळ आणि हत्यारे वगळून, तेवीस नंबरला द्यावे. ही भरपाई नव्हे. तेवढी माझी ऐपत नाही.

७. बँकेतल्या ठेवीतून पटांगणातला सुतारमामांच्या स्मरणार्थ बसवलेला दगड बदलावा. नव्या दगडावर लिहावे की ते शिक्षिकेच्या चुकीमुळे गेले. उरेल ते शाळेच्या जिन्यांच्या डागडुजीला. मात्र कलम पाच सकाळच्या प्रार्थनेला सर्व मुलींसमोर वाचले, तरच. शाळेचे नाव खराब होईल असे कुणा सिस्टरला वाटले, तर तिला सांगावे की ते आधीच झालेले आहे, फक्त माहीत नव्हते.

८. पुस्तकांचे कपाट डॉक्टरीणबाईंना द्यायचे होते. पण ज्याला काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही, म्हणतात. मला त्यांची सही जास्त हवी होती. त्यामुळे कपाट घरासोबतच जाईल.

पुरवणी. वरचा मजकूर वाचून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "बाई, हे मेल्यावर कशाला? तिला आज बोलवा. तोवर मी सही करणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्या मला उलट बोलल्या. मी बोलावणे धाडले.

ती आली. बोटांना दोरे चिकटलेले होते. मी कलम पाच वाचून दाखवले. मी माफी मागितली. माफ केले असे ती म्हणाली नाही. बोटांवरचे दोरे काढत म्हणाली, "माझी आई मरेपर्यंत मला पळपुटी समजत होती, बाई." मी घराचे सांगितले तर म्हणाली, "घराचं नंतर बघू. पट कुठंय? माझ्यासमोर लिहा."

मी ट्रंक उघडली. त्या दिवसाच्या रकान्यातला 'ह' लाल शाईने खोडून वर 'गै' लिहिले, बाजूला आजची तारीख घातली आणि सही केली. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: सोळा नोव्हेंबर, दुपारचे चार

सही: आठवी ब ची वर्गशिक्षिका

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा छापखानेवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला यातले काही मिळणार नाही, आणि नकोही.

साक्षीदार दुसरी: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. हे मी तेव्हाही सांगितले होते.
सही: आठवी ब, नंबर बावीस